गाडी बंद, नेटवर्क गायब: ऑफ-रोड ग्रुप ड्राइव्हमध्ये तुमचा फोन नेमका किती कामाचा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातले सहा तरुण थार घेऊन कोकणाकडे निघाले होते. ताम्हिणी घाटात त्यांची गाडी सुमारे पाचशे फूट खोल दरीत कोसळली आणि सहाही जणांचा मृत्यू झाला. घरच्यांशी संपर्क तुटल्यापासून गाडी सापडेपर्यंत साधारण दोन दिवस गेले. पोलिसांना तिथवर पोहोचवलं ते मोबाइलच्या शेवटच्या लोकेशनने आणि ड्रोनने.

ही बातमी आमच्या सीवूड्सच्या ड्राइव्ह ग्रुपवर आली तेव्हा ग्रुपमधल्या सगळ्यात लहान मुलाने एकच प्रश्न विचारला: “फोन तर सगळ्यांकडे असतील ना? मग दोन दिवस कसे लागले?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर बहुतेकांना माहीत नसतं. तो भीषण अपघात होता, ब्रेकडाउन नव्हे, हे खरं. पण तुमची गाडी एखाद्या कच्च्या वाटेवर बंद पडते आणि फोनवर एकही काडी नसते तेव्हा प्रश्न तोच उभा राहतो. मी कुठे आहे हे दुसऱ्याला कळणार कसं?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठवडाभर ऐरोलीला ऑफिस आणि महिन्यातून एखाद्या रविवारी चार-पाच गाड्या घेऊन कर्जत, मुरबाड किंवा मुळशीकडे. सीवूड्समध्ये लिफ्टमध्येसुद्धा रेंज मिळते, त्यामुळे फोन म्हणजे सगळं काही अशी सवय लागते. घाटात ती सवय उपयोगाची नाही. म्हणून या लेखात फोन काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि त्या रिकाम्या जागेत आपण काय करायचं, ते बघूया.

नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं असं नाही

पहिला गैरसमज हाच. फोनचं जीपीएस आणि मोबाइल नेटवर्क या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल पाठवत असतात. तुमचा फोन तो फक्त ऐकतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की तो स्वतःची जागा काढतो. यासाठी सिम, डेटा, टॉवर यातलं काहीच लागत नाही. बहुतेक फोनमध्ये एअरप्लेन मोडवरही लोकेशन चालू राहतं.

मग नेट नसताना लोकेशन मिळायला वेळ का लागतो? कोणता उपग्रह कुठे आहे याची माहिती एरवी फोन इंटरनेटवरून झटकन घेतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाच्या सिग्नलमधून हळूहळू उतरवून घ्यावी लागते. त्यात अरुंद दरीत आकाशाचा तुकडाच दिसतो, त्यामुळे आणखी वेळ. अशा वेळी गाडीच्या बाहेर, मोकळ्या जागेत उभं राहून काही मिनिटं थांबा. नेव्हिगेशन ॲप आधीच चालू असेल तर ही वाट बघावी लागत नाही.

म्हणजे गोष्ट अशी आहे: तुम्ही कुठे आहात हे तुमच्या फोनला माहीत असतं. अडचण असते ती फोनला दुसऱ्या कुणाला ते सांगता येत नाही, ही.

‘शेवटचं लोकेशन’ म्हणजे नेमकं काय?

पोलीस जेव्हा मोबाइलचं शेवटचं लोकेशन काढतात तेव्हा अनेकदा मॅपवरचा निळा ठिपका मिळत नाही. मिळतो तो टॉवर, ज्याच्याशी फोन शेवटचा जोडलेला होता. शहरात टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे शोधायचा भाग लहान असतो. घाटात एकेक टॉवर कित्येक किलोमीटरचा पट्टा सांभाळतो. त्या पट्ट्यात जंगल, वळणं, दऱ्या सगळं आलं. शिवाय फोन टॉवरच्या रेंजबाहेर गेल्यावर गाडी किती पुढे गेली हे टॉवरला कळत नाही. ग्रुपमधल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

व्हॉट्सॲपच्या लाइव्ह लोकेशनचंही तसंच. ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी शेअर करता येतं. नेट गेलं की समोरच्याला शेवटचा अपडेट झालेला ठिपका दिसत राहतो. तरीही ड्राइव्हच्या दिवशी निघताना ८ तासांचं लाइव्ह लोकेशन घरी आणि ग्रुपवर पाठवणं फायद्याचंच. टॉवरच्या पट्ट्यापेक्षा शेवटचा ठिपका कधीही बरा.

मॅप दाखवतो तो रस्ता, रस्ता असेलच असं नाही

जुलै २०२५ मधली बेलापूरची घटना सीवूड्सवाल्यांना आठवत असेल. रात्री एकच्या सुमारास उलव्याकडे निघालेल्या एका महिलेची ऑडी खाडीपुलावर जायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि ध्रुवतारा जेट्टीवरून थेट खाडीत पडली. ती गुगल मॅप्स बघत गाडी चालवत होती, असं बातम्यांमध्ये आलं होतं. सागरी सुरक्षेच्या पोलिसांनी तिला वाचवलं.

वरून बघितलं तर पूल आणि पुलाखालचा रस्ता एकमेकांवर किंवा अगदी शेजारी असतात. जीपीएसची काही मीटरची चूक तुम्हाला एकावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवते. भर नवी मुंबईत हे होतं, तर जंगलातल्या वाटेबद्दल काय सांगावं! मॅपवरची बारीक रेष म्हणजे पायवाट असू शकते, पावसात वाहून गेलेला रस्ता असू शकतो किंवा वनखात्याची बंद वाट असू शकते.

म्हणून दोन गोष्टी करा. गुगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन मॅप वायफायवर असतानाच डाउनलोड करा. शिवाय ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड यापैकी एक ॲप ठेवा. कच्च्या वाटा त्यात बऱ्याचदा जास्त दिसतात. आधी जाऊन आलेल्या कुणाकडून जीपीएक्स फाइल, म्हणजे त्यांच्या गाडीने प्रत्यक्ष कापलेली रेष, मिळाली तर ती सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. एकाच्याच फोनमध्ये असून उपयोग नाही.

आयफोनचं सॅटेलाइट एसओएस आहे ना?

भारतात नाही. ॲपलने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ साठी उपग्रहावरून मदत मागायची सोय सुरू केली आणि ती पुढे बऱ्याच देशांत नेली, पण आपल्याकडे ती दिलेली नाही. परदेशातले व्हिडिओ बघून भरवसा ठेवू नका.

मग परदेशातून सॅटेलाइट कम्युनिकेटर मागवू? अजिबात नको. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखं यंत्र बाळगणं आपल्याकडे गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना अशाच यंत्रांमुळे अडवून पोलिसांच्या ताब्यात दिलं गेलं होतं. डोंगरात जीव वाचवायला बनवलेली ही वस्तू आपल्या कायद्याच्या नजरेत आधी सुरक्षेचा प्रश्न आहे. त्याला कारणही आहे: २६/११ च्या हल्लेखोरांनी सॅटेलाइट फोन वापरला होता. पण दरवर्षी हजारो लोक सह्याद्रीत जातात, तेव्हा फक्त संकटाचा संदेश पाठवणाऱ्या साध्या सोयीसाठी वेगळा नियम असायला हवा, असं मला वाटतं.

स्टारलिंकचं काय? दूरसंचार विभागाने जून २०२५ मध्ये त्यांना परवाना दिला आणि ५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम यांसारख्या जिल्ह्यांत इंटरनेट पोहोचवणं हा त्यामागचा हेतू. पण ती डिश लावून घ्यायची सेवा आहे. खिशातल्या फोनला त्यातून आपोआप रेंज येत नाही.

११२: लावून बघायचाच

स्क्रीनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं आलं तर निराश होऊ नका. तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीचा टॉवर फोनला दिसतोय, असा त्याचा अर्थ. ११२ चा कॉल त्या टॉवरवरून जाऊ शकतो. महाराष्ट्रातल्या ११२ ची केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला आहेत. म्हणजे फोन उचलणारा माणूस तुमच्या घाटापासून खूप लांब बसलेला असू शकतो. त्याला “त्या मोठ्या झाडापाशी” सांगून काही कळणार नाही. तालुका, जवळचं गाव आणि लोकेशनचे आकडे सांगा.

आकडे कुठून आणायचे? मॅप ॲपमध्ये तुमच्या जागेवर बोट दाबून धरलं की दोन संख्या दिसतात. सीवूड्ससाठी त्या साधारण १९.०२ आणि ७३.०२ अशा येतात. दशांशानंतर चार आकडे सांगितले तर जागा साधारण ११ मीटरपर्यंत पक्की होते. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, कारण बोलता बोलता फोन बंद पडू शकतो.

गुगलने डिसेंबर २०२५ मध्ये अँड्रॉइडची इमर्जन्सी लोकेशन सर्व्हिस भारतात आणली. ११२ ला कॉल लावला की फोन आपणहून लोकेशन पाठवतो. ही सोय ११२ शी जोडणारं पहिलं राज्य उत्तर प्रदेश ठरलं. डोंगरदऱ्यांच्या महाराष्ट्राला याची गरज कमी नाही. पण हेही टॉवर असेल तरच. आयफोन आणि पिक्सेलमधल्या क्रॅश डिटेक्शनचंही तेच. धक्का ओळखायचं काम फोन करेल, पण कॉल जायला नेटवर्क लागतंच.

एक बरी बातमीही आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने सरकारी निधीतून उभारलेल्या सुमारे २७,८३६ फोर-जी टॉवरच्या ठिकाणी बीएसएनएल, जिओ, एअरटेल यांच्या ग्राहकांना एकमेकांचं नेटवर्क वापरता येईल अशी योजना सुरू केली. दुर्गम भागात गेलात तर सेटिंग्समध्ये नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना, एवढं तपासा.

कमकुवत रेंजमध्ये व्हॉट्सॲप फिरत बसतं, पण साधा एसएमएस बऱ्याचदा निघून जातो, कारण त्याला डेटा लागत नाही. आणि बॅटरी सांभाळा. टॉवर शोधत राहणारा फोन भराभर उतरतो. एक फोन चालू ठेवा, बाकीचे एअरप्लेन मोडवर टाका.

वॉकी-टॉकी घ्यायचा तर

गाड्यांच्या ताफ्यात सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, पण घेताना सांभाळून. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात, तेही मंजुरी मिळालेले असतील तरच. ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त सेट या पट्ट्याबाहेर चालतात आणि त्यांना परवाना लागतो. याच कारणाने मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स साइट्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. खोक्यावर लिहिलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते. मध्ये डोंगराची सोंड आली की ती किलोमीटर-दीड किलोमीटरवर येते.

बंद पडलेल्या गाडीपाशी

आता प्रत्यक्ष ब्रेकडाउन. जानेवारीत आम्ही पाच गाड्या मुरबाडपुढे वैशाखऱ्याच्या अलीकडे एका बैलगाडीच्या वाटेवर होतो. चौथी गाडी खड्ड्यातून वर आली आणि बंद. डॅशबोर्ड पूर्ण काळा. फोनवर रेंज शून्य.

नव्या गाड्या बंद पडल्या की लोक घाबरतात, कारण बॉनेट उघडलं तरी काही कळत नाही. पण गाडीच्या संगणकात नोंद असते. स्टेअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा डोंगल लावला की फोनवरच्या ॲपमध्ये एरर कोड दिसतात आणि त्याला इंटरनेट लागत नाही. पी०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापलं, पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. कोडचे अर्थ आधीच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. कोड आजार सांगतो, कारण नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

आमच्या चौथ्या गाडीला तर वीजच नव्हती, म्हणून डोंगलही गप्प. पण डोंगल गप्प असणं हाच धागा झाला. सरळ बॅटरीकडे गेलो. धक्क्यांनी टर्मिनल सैल झालं होतं. दहा नंबरचा पाना, पाच मिनिटं, गाडी चालू. कच्च्या रस्त्यावरच्या बऱ्याच ‘मोठ्या’ बिघाडांचं मूळ असंच सैल वायर, सैल क्लॅम्प किंवा उडालेला फ्यूज असतं.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या टोचनचं काम लाखाच्या बिलावर जातं. आणि ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू करायला जाऊ नका, ती तशी चालू होत नाही.

टोचन कोण करणार?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढली होती. व्हिडिओ बघून सगळे हसले. मला त्यात धडा दिसला: मदत जवळच्या गावातूनच येते. रोडसाइड असिस्टन्सच्या अटी वाचा. गाडी चालण्याजोग्या रस्त्यापर्यंतच ते येतात, असं त्यात बहुधा लिहिलेलं असतं. १०३३ हा हेल्पलाइन नंबर राष्ट्रीय महामार्गासाठी आहे, बैलवाटेसाठी नाही. म्हणून जाताना शेवटच्या गावात थांबा, चहा प्या, ट्रॅक्टर कुणाकडे आहे विचारा, नंबर घ्या. आणि त्या माणसाच्या वेळेचे पैसे द्या.

ओढताना पट्टा बंपरला किंवा टो-हिचच्या गोळ्याला अडकवू नका. तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. गाडीला दिलेला ठरावीक हूकच वापरा आणि ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत कुणालाही उभं करू नका, व्हिडिओ काढायलाही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं ॲप: ठरलेली वेळ

मुरबाडच्या त्या वाटेवर चौथी गाडी थांबल्याचं पुढच्या तिघांना कसं कळलं? आमचा एक नियम आहे: प्रत्येक वळणावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. चौथी दिसेना, म्हणून तिसरी थांबली. तिसरी दिसेना, म्हणून दुसरी. काही मिनिटांत सगळा ताफा थांबलेला होता. एकही मेसेज गेला नव्हता.

सर्व्हर सांभाळणारे याला हार्टबीट म्हणतात. प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळाने “मी आहे” एवढंच सांगतो. तो बिघडला की “मी बिघडलो” असं सांगत नाही, सांगूच शकत नाही. त्याचं “मी आहे” येणं थांबतं आणि त्या शांततेवरूनच अलार्म वाजतो.

आपण नेमकं उलट करतो. “काही झालं तर फोन करेन” असं घरी सांगून निघतो. पण काही होतं तेव्हाच फोन लागत नाही. घरचेही “रेंज नसेल” म्हणून थांबतात, आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण किती वेळ थांबायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. दोन दिवस कसे जातात, याचं उरलेलं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. कुणा एका घटनेबद्दल हे मी म्हणत नाही. आपल्या सगळ्यांच्या सवयीबद्दल म्हणतो.

म्हणून आता आमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण निघायच्या आधी सोबत न येणाऱ्या एका माणसाला असा मेसेज पाठवतो:

“पाच गाड्या, अकरा जण. गाड्यांचे नंबर आणि सगळ्यांचे फोन नंबर खाली. मार्ग: पनवेल, कर्जत, मुरबाड, वैशाखरे. कच्ची वाट साधारण ११ ते ३. मॅप सोबत जोडलाय. संध्याकाळी ५ पर्यंत ‘रस्त्यावर आलो’ असा मेसेज येईल. नाही आला तर सगळ्यांना फोन लावून बघ. ६ पर्यंत कुणीच लागलं नाही तर ११२ ला कळव आणि हा मेसेज वाचून दाखव.”

यातले दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे: पाच आणि सहा. त्यामुळे शोध दोन दिवसांनी नाही, त्याच संध्याकाळी सुरू होतो. शोधणाऱ्यांच्या हातात टॉवरचा पट्टा नाही, तर ठरलेली वाट असते. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर किंवा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांना कमी जागेत शोधायचं असलं की त्यांचाही धोका कमी होतो, हे विसरू नका. ती माणसंही कुणाच्या तरी घरचीच आहेत.

उशीर होणार असेल तर रेंज मिळेल तिथून वेळ बदलून कळवायची. आणि डांबरी रस्त्यावर आल्यावर चहाच्या आधी ‘आलो’ एवढा एक शब्द पाठवायचा. तो विसरला तर पुढच्या वेळी खरी गरज असताना घरचे पुन्हा “रेंज नसेल” म्हणतील.

या मेसेजला सॅटेलाइट लागत नाही, परवाना लागत नाही, नवा फोनही लागत नाही. पुढचा ड्राइव्ह ठरला असेल तर वरचा मेसेज कॉपी करा, आपली गावं आणि वेळा टाका, आणि आधी ज्याला पाठवणार त्याला विचारा: सहा वाजता खरंच फोन लावशील ना?